चार हजार बैलांचा मनोरा

राजाबाई टॉवरसमोर आलेला माणूस मान मागे टाकून वर बघतो. मोठेबाबांनी तसं काही केलं नाही. ओव्हल मैदानाच्या कठड्याला पाठ लावून ते उभे राहिले, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि म्हणाले, "बापू, हा केवढ्याले पडला असन?"

मी पाठ करून आलो होतो. उंची २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. पायाभरणी मार्च १८६९, काम पुरं झालं नोव्हेंबर १८७८ मध्ये. खर्च साडेपाच लाखांच्या घरात. त्यातले दोन लाख प्रेमचंद रायचंद नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्यानं दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईचं नाव द्यायला लावलं.

"रुपये नोको सांगू. रुपया दरसाल पातळ होते. खंडीत सांग."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घाटंजीच्या कापूस बाजारात तीस वर्षं मापारी होते. मापाऱ्याला रुपयाशी देणंघेणं नसतं. भाव अडत्या बोलतो, पैसे व्यापारी मोजतो, मापारी फक्त काटा बघतो. त्यांना मुंबई दाखवायची म्हणून धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपण चार दिवस मुंबई बघणार नाही, तोलणार आहोत.

खंडीचा हिशेब आधी सांगून टाकतो. धान्याची खंडी आता आजीच्या बोलण्यात उरली, पण रुईच्या बाजारात खंडी जिवंत आहे. रुईची एक खंडी ७८४ पौंडांची, आपल्या भाषेत ३५६ किलो. आता कापूस वेगळा आणि रुई वेगळी, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागतं. पऱ्हाटीवरून वेचून येतो तो सरकीसकट कापूस. जिनिंगमध्ये सरकी निघाली की उरते ती रुई. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो. म्हणजे एका खंडीसाठी साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. एक चांगलं बोंड चार ग्रॅमचा कापूस देतं. सगळं गुणून पाहिलं तर एका खंडीत दोन लाख साठ हजार बोंडं. आणि ती प्रत्येक हातानं वेचलेली, कारण आपल्याकडे कापूस वेचायचं यंत्र म्हणजे बाईचा हात.

आता दोन लाख रुपयांच्या खंड्या करायच्या तर भाव कोणता धरायचा? माझ्या वहीत एक जुनी नोंद होती. १८२५ च्या आधी वऱ्हाडचा बराच कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैल उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. १८२५-२६ साली व्हिकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी पहिल्यांदा मोठा माल मुंबईकडे वळवला: ५०० बैलांवर १,२०,००० पौंड रुई, किंमत २५,००० रुपये. म्हणजे १५३ खंडी, खंडीला १६३ रुपये. दर बैलावर २४० पौंड, एकशे नऊ किलो. आजच्या १७० किलोच्या गाठी केल्या तर तो सगळा माल ३२० गाठींचा, तीन-चार ट्रक भरतील इतका. त्या तीन-चार ट्रकांसाठी पाचशे बैल घाट उतरले.

मी म्हटलं, "पण हे १८२५ चं. प्रेमचंदनं देणगी दिली ती १८६४ मध्ये, भर तेजीत. तेव्हा भाव चार-पाच पट होता."

"तेजी म्हंजे भाव नसते बापू, ताप असते. अंगात ताप असतांनी कोनी वजन करते का? जुनाच धर."

जुनाच धरला. दोन लाख भागिले १६३: सुमारे एक हजार दोनशे पंचवीस खंडी. तितकी रुई वाहायला चार हजार बैल. एका बैलामागे तीन मीटर वाट धरली तरी ती रांग बारा किलोमीटरची होते. पहिला बैल कुलाब्याच्या टोकाशी उभा असेल तेव्हा शेवटचा परळच्या आसपास असेल. बोंडांत मोजलं तर बत्तीस कोटी. हात बसलेली बाई दिवसाला चाळीस किलो वेचते, म्हणजे दहा हजार बोंडं. या हिशेबानं त्या दोन लाखांमागे बत्तीस हजार दिवसांची वेचणी आहे. एकाच बाईनं दिवाळी नाही, पोळा नाही, बाळंतपण नाही असं रोज वावरात उभं राहून वेचलं, तर अठ्ठ्याऐंशी वर्षं. आणि हे आजच्या टपोऱ्या बोंडांचं गणित आहे. त्या काळची देशी बोंडं याहून बारीक होती, तेव्हा खरा आकडा दुप्पट धरला तरी कोणी भांडणार नाही.

२०२५ मध्ये रुईची खंडी पन्नास-पंचावन्न हजारांच्या आसपास फिरत होती. म्हणजे त्या भावानं दोन लाखांत धड चार खंड्यासुद्धा येत नाहीत. रुपया पातळ होतो म्हणतात तो असा: बाराशे पंचवीसचे पावणेचार.

मोठेबाबांनी आता वर पाहिलं. घड्याळात साडेअकरा झाले होते. प्रेमचंदची आई अंध होती, जैन असल्यानं सूर्यास्ताआधी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून हे टोले, अशी कथा मुंबईत सांगतात. मोठेबाबांना ती पटली नाही. त्यांच्या मते आंधळ्या माणसाला दिवस मावळल्याचं कातडीनं कळतं, त्यासाठी साडेपाच लाख लागत नाहीत.

*

ज्या जमिनीवर आम्ही उभे होतो तिचं माप आणखी चमत्कारिक आहे.

मुंबईचं मूळ बेट-शहर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा पट्टा, सुमारे ६८ चौरस किलोमीटरचा. आपला यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटर. जिल्ह्यात असली दोनशे बेटं मावतील. पण २०११ च्या जनगणनेत अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात २७ लाख ७२ हजार माणसं मोजली आणि त्या एका बेटावर ३० लाख ८५ हजार. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा, आपलं घाटंजी सगळं धरून जेवढी माणसं, त्याहून तीन लाख जास्त, दोनशेव्या हिश्श्याच्या जागेत.

घाटंजी-पांढरकवड्याकडचं टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं आहे. बेटाच्या दुपटीहून मोठं. आणि तेवढंही तिथल्या वाघांना पुरत नाही. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरातून एक तरणा वाघ जागेच्या शोधात निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची पावलं मोजली गेली. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत स्थिरावला. बेटाची लांबी सतरा-अठरा किलोमीटर. त्या वाघानं तेवढीच वाट बेटावर काढली असती तर कुलाबा ते शीव एकशे सत्तर खेपा झाल्या असत्या. जागेसाठी इतकी वणवण मुंबईत माणसंही करतात म्हणा; फक्त त्यांच्या गळ्यात पट्टा नसतो, पास असतो.

हे बेटसुद्धा एक नव्हतं, सात होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मधे खाड्या आणि दलदल. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे गेली. त्या वेळी वस्ती दहा हजारांच्या आसपास सांगतात, म्हणजे आजच्या घाटंजीच्या निम्मी. राजाला या चिखलाचं काय करावं ते कळेना. १६६८ मध्ये त्यानं सगळं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्यानं.

"धा पौंड रुई?"

"नाही मोठेबाबा. पौंड म्हणजे त्यांचे पैसे."

"तरी पन," ते म्हणाले आणि गप्प झाले. दहा पौंड वजनाची रुई म्हणजे साडेचार किलो. एक गादीसुद्धा धड भरत नाही.

पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं खाड्या बुजवण्यात गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीचा बांध झाला, १८३८ मध्ये कुलाब्याचा रस्ता, १८४५ मध्ये माहीमचा. माहीमच्या कामाला दीड लाखाहून जास्त रुपये जमशेटजी जीजीभॉयांच्या पत्नी अवाबाईंनी दिले. आजही तिकडे जाणाऱ्या रस्त्याला लेडी जमशेटजी म्हणतात. टेकड्या फोडून खाड्यांत टाकल्या. आम्ही ओव्हल मैदानाच्या ज्या बाजूला उभे होतो तिच्या पाठीमागे, चर्चगेटच्या पलीकडे, दीडशे वर्षांपूर्वी समुद्र होता.

*

दुपारी हॉर्निमन सर्कलला गेलो. एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे १८३३ च्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या मोठेबाबा दोन दमांत चढले आणि वरच्या पायरीवर बसून समोरच्या गोल बागेकडे बघत राहिले. ही बाग व्हायच्या आधी इथं उघडं मैदान होतं, त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत, आणि त्या हिरवळीवर कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. पाऊस, कुत्री, पोरं, आग, सगळ्यांचा त्रास. १८४४ मध्ये ढीग कुलाब्याला हलवले. पुढे तिथूनही हलले, ते सांगतोच.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेना. गिरणी बंद ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी ती रुई मागितली जिला एरवी आखूड धाग्याची म्हणून नाक मुरडत: आपली. मुंबईत म्हणे लोकांनी गाद्या-उशा उसवून रुई विकली. पाच वर्षांत, नेहमीचा वाजवी भाव सोडून वरकड म्हणून, या बेटावर सात ते आठ कोटी पौंड आले, असा त्या काळचा हिशेब आहे.

आता ते दहा पौंडांचं भाडं आठवा. सात कोटी पौंडांत त्या भाड्यानं बेट सत्तर लाख वर्षं वापरता आलं असतं. सत्तर लाख वर्षांपूर्वी माणूस नावाचा प्राणी नव्हता.

पैसा आला की तो बसायला जागा शोधतो. बेटावर जागा नव्हती, म्हणून त्यानं समुद्र विकत घेतला. खाडी बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर निघाले. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. लक्षात घ्या, जमीन अजून पाण्याखाली होती. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पेरणीच्या आधी, पाऊस पडायच्या आधी, वावर विकत घ्यायच्याही आधी पिकाची उचल. प्रेमचंद रायचंद या सगळ्याच्या मधोमध होता. कोणत्या कंपनीला कर्ज मिळेल, कोणाला किती शेअर मिळतील, हे त्याच्या भुवईवर ठरायचं म्हणतात.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली. बातमी बेटावर पोचली आणि रुई कोसळली. वायद्यांचे सौदे पुरे करायचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या एका दिवशी कोट्यधीशांची नादारी झाली. प्रेमचंदही बुडाला. म्हणजे राजाबाई टॉवरची पायाभरणी झाली तेव्हा तो देणगीदार दिवाळखोरीतून चार वर्षं बाहेर पडत होता. देणगी आधीच विद्यापीठाच्या हातात गेली होती म्हणून वाचली. भायखळ्याच्या त्याच्या बंगल्याचं नाव होतं प्रेमोद्यान. तिथं पुढे ख्रिस्ती जोगिणींचा आश्रम आणि शाळा झाली. शेजारच्या गल्लीला लव्ह लेन म्हणतात. तिथं प्रेमिकांचा काही संबंध नाही, प्रेमचंदचं नाव इंग्रजीत गेलं इतकंच.

आपल्याकडची गोष्ट मात्र उलटी चालली. तेजी संपली आणि आगगाडी आली. १८६७ मध्ये रुळ नागपूरला पोचले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची अडीच फुटी अरुंद लाइन पडली, तीच आपली शकुंतला. ती बांधणाऱ्या किलिक निक्सन कंपनीला यवतमाळच्या माणसांना फिरवण्यात रस नव्हता, त्यांना गाठी न्यायच्या होत्या. पाचशे बैल वाटेत महिनाभर घालवायचे, तेवढ्या गाठी आता एका रात्रीत मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळाला लागत. जमशेटजी टाटांनी तर उलट विचार केला: कापूस मुंबईला नेण्यापेक्षा गिरणीच कापसाकडे न्यावी. १ जानेवारी १८७७ ला नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथून आलेल्या पैशाची मुंबईतली निशाणी म्हणजे त्यांचं एस्प्लनेड हाउस आणि १९०३ चं ताजमहाल हॉटेल. ताज आम्ही बाहेरूनच पाहिलं. चहाचा दर मी आधी बघून ठेवला होता आणि तो बोंडांत सांगायची माझी हिंमत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी गावदेवीत, लॅबर्नम रोडला, मणिभवन. दोन मजल्यांचं, लाकडी कठड्यांचं घर. रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथं उतरत. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह इथून चालला. सगळे प्रवासी दुसऱ्या मजल्यावरच्या गांधीजींच्या खोलीच्या काचेपुढे उभे राहून फोटो काढतात. मोठेबाबा चरख्यापुढे अडले.

या घराबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. गांधीजींना सूत कातायचं होतं, चरखा मिळाला, पण पेळू कुठून आणायचे? घराखालच्या रस्त्यावरून रोज एक पिंजारी जायचा, गाद्या-रजयांसाठी कापूस पिंजणारा. त्याला वर बोलावलं. तो पेळू करून द्यायला तयार झाला, पण भाव चांगलाच चढा सांगितला. देशभर सूत कातायला लावणारा माणूस आणि त्याच्याकडून पुरेपूर पैसे वसूल करणारा पिंजारी, याच जिन्यावर. तो पिंजारी खरा मुंबईकर.

काचेपुढे उभं राहून आम्ही एक हिशेब केला. तीस नंबरचं सूत धरा, साध्या धोतराचं. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वाराच्या किती लडी बसतात तो आकडा. तीस नंबरचं एक किलो सूत पन्नास किलोमीटरच्या वर जातं. एक क्विंटल कापूस, त्याची चौतीस किलो रुई, त्यातली पंधरा टक्के गिरणीत उडून जाते, उरलेल्या एकोणतीस किलोंचा धागा: सुमारे १,४५० किलोमीटर. घाटंजीच्या बाजारात एका बैलगाडीच्या कोपऱ्यात मावणारा एक क्विंटल कापूस. त्याचं एक टोक मोठेबाबांच्या अंगणातल्या निंबाला बांधून निघालो, तर धागा धामणगाव, भुसावळ, इगतपुरी करत मणिभवनाच्या दाराशी येईल, वळसा घालून परत फिरेल आणि बडनेऱ्याच्या थोडा अलीकडे संपेल. हेच सूत चरख्यावर काढायचं, तर चांगल्या हाताला तासाला चारशे वार; म्हणजे चार हजार तास. रोज आठ तास बसलं तर पाचशे दिवस.

"अन् आमी शंभर किलो पंधरा मिन्टात मोजून मोकये होत होतो," मोठेबाबा म्हणाले.

तिथून परळ. दामोदर हॉलजवळ बीआयटीची चाळ. १८९६ च्या प्लेगनंतर शहर धुवून काढायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्या ट्रस्टनं बांधलेल्या चाळींपैकी एक. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. १९१२ पासून बावीस वर्षं बाबासाहेब आंबेडकरांचं घर ते. कोलंबिया आणि लंडन, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, या सगळ्यांच्या आधी आणि नंतर परत यायचं ते या दोन खोल्यांत. मग १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, त्याचं मुख्य कारण पुस्तकं. पन्नास हजारांचा संग्रह सांगतात. मोठेबाबांनी राजगृहाच्या फाटकापाशी चप्पल काढली, हात जोडले, आणि मग सवय काही जाईना म्हणून हळूच विचारलं, "एक पुस्तक अर्धा किलोचं धरू?"

अर्धा किलो धरलं तर पंचवीस हजार किलो. सत्तर खंडी. एका माणसानं वाचायला म्हणून सत्तर खंडी कागद गोळा केला. त्या चार दिवसांत मोठेबाबांनी कुठल्याही आकड्यावर "बाप्पा" म्हटलं नाही, इथं म्हटलं.

*

अल्टामाउंट रोडवर थांबायला देत नाहीत, तेव्हा टॅक्सीतूनच पाहिलं. २७ मजली घर, एका कुटुंबाचं, उंची १७३ मीटर. राजाबाईचे दोन मनोरे एकावर एक ठेवले तरी वर तीन मीटर उरतं. आतलं क्षेत्रफळ चार लाख चौरस फूट म्हणतात.

या आकड्याशेजारी लगेच दुसरा ठेवायचा म्हणून टॅक्सी ना. म. जोशी मार्गावर घेतली. जुना डिलाइल रोड. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं गिरणी कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या: वरळीला १२१, नायगावला ४२, इथं ३२, शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले. एकेका चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी आपल्याकडच्या रुईचं इथं कापड केलं आणि रात्री या खोल्यांत पाठ टेकली, पाळीपाळीनं, कारण सगळ्यांच्या पाठी एका वेळी मावत नसत.

चार लाख भागिले १६०: अडीच हजार खोल्या. अडीच हजार भागिले ८०: एकतीस चाळी आणि वर थोडं. म्हणजे ते एक घर आणि डिलाइल रोडच्या सगळ्या बत्तीस चाळी मिळून जवळजवळ सारखंच क्षेत्रफळ. यात थोडी लबाडी आहे, कबूल करतो; चाळीचे जिने आणि व्हरांडे मी धरले नाहीत. पण मोठेबाबांच्या बाजारातही काट्यावर थोडी धूळ चालायची. आता या चाळी पाडून उंच इमारती होतायत. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर. वरळीत २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्याही मिळाल्या.

मलबार हिलकडे नव्या इमारतींत आता एका चौरस फुटाचा भाव लाखाच्या घरात जातो. लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये. लाखाला सव्वाबारा क्विंटल. आपल्या कोरडवाहू रानात, बोंडअळी आणि परतीचा पाऊस यांतून वाचलं तर, एकरी चार-पाच क्विंटल. म्हणजे अडीच-तीन एकरांचं सबंध वर्षाचं पीक, बियाण्या-खताचा आणि वेचणीचा एक पैसाही न वजा करता, मलबार हिलवर एक चौरस फूट घेऊन देतं. त्यावर माणूस एका पायावर उभा राहू शकतो.

मोठेबाबांनी टॅक्सीच्या सीटवर बोटानं एक फुटाचा चौकोन काढला. मग विचारलं, "अन् त्या सत्तावीस माळ्यांचं?"

त्याच भावानं चार लाख फुटांचे चार हजार कोटी. भागिले ८,११०. जवळपास एकोणपन्नास लाख क्विंटल. आता यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा पेरा साडेचार लाख हेक्टरांच्या आसपास असतो, आणि हेक्टरी दहा-अकरा क्विंटल धरा. सबंध जिल्ह्याचा, सोळाही तालुक्यांचा, पहिल्या वेचणीच्या सीतादहीपासून शेवटच्या फरदडीपर्यंत वेचलेला एका वर्षाचा सगळा कापूस. मी दोनदा गुणलं, मग मोठेबाबांनी तोंडी गुणलं. आकडा तोच आला.

टॅक्सीवाला उत्तर प्रदेशचा होता, त्याला एवढंच कळलं की मागच्या सीटवर दोन माणसं बराच वेळ काही बोलत नाहीयेत. त्यानं रेडिओ लावला.

*

परतीची गाडी संध्याकाळची. सकाळी मोठेबाबांनी स्वतःहून एक ठिकाण सांगितलं. लोकलच्या नकाशात त्यांनी नाव वाचलं होतं: कॉटन ग्रीन.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बर लाइनची गाडी पकडली. हे स्टेशन बांधायला दहा वर्षं लागली, १८७८ ते १८८८, खर्च सोळा लाखांवर. त्याच्या दगडी खांबांवर पानं, पक्षी, माकडं कोरलेली आहेत. मोठेबाबांनी कापसाचं बोंड कुठं कोरलंय का ते शोधलं, तेवढ्यात गाडी लागली. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन. कुलाब्याचे ते रुईचे ढीग १९२० च्या दशकात इकडे शिवडीला आणले, 'ग्रीन' हे नावही बरोबर आलं. लांबच लांब गोदामं, दगडी, उतरत्या छपरांची, कित्येकांना कुलपं. रुई बाजाराची जुनी भव्य इमारत. हिरवळ कुठंच नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेनं अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप कधी मिटलाच नाही, आणि गिरण्यांबरोबर गाठींचं इथं येणंही आटत गेलं. गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीवर आता काचेच्या इमारती आहेत.

एका गोदामाच्या बंद दाराच्या फटीत मोठेबाबांनी बोट घातलं आणि वास घेतला. रुईचा वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे: सरकीच्या तेलाचा, उन्हाचा, थोडा धुळीचा. मी विचारलं, येतो का? त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

प्लॅटफॉर्मवर परत येऊन बाकावर बसलो. खिशातून तिकीट काढून त्यांनी त्यावरचा आकडा डोळ्यांजवळ धरला. पाच रुपये. ओठ हलले, एकदा, दोनदा. पाच रुपयांचा कापूस एकसष्ट-बासष्ट ग्रॅम.

"पंधरा बोंडं," ते म्हणाले, आणि तिकीट सांभाळून वरच्या खिशात ठेवलं. शिवडीकडून गाडी येत होती.